मार्नीला पुढे काय द्यायचं?

मी एक ढकलगाडी बोलतेय. भाजीची नाही आणि दवाखान्यातलीही नाही, पुस्तकांची. दोन्ही बाजूंना उतरते कप्पे, खाली चार चाकं आणि अंगावर हिरवा रंग, जो आता कोपऱ्यांवर पार उडालाय. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात, सहावी ते आठवीच्या शाळेत माझा जन्म गेला. गावातला काचेचा कारखाना चालू होता तेव्हा तिथल्या सुतारांनी मला बनवलं आणि शाळेला भेट दिलं. पुढे कारखाना बंद पडला, सुतार पांगले. मी राहिले.

बरीच वर्षं मी ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात नुसती उभी होते. वाचून परत आलेली पुस्तकं माझ्यावर ठेवायची आणि फळीवर लावायची, एवढंच माझं काम. मग लोरेन कोवालचिक नावाच्या नव्या ग्रंथपालबाई आल्या. उंच, हडकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आल्या आल्या म्हणाल्या, "पोरं पुस्तकाकडे येत नसतील तर पुस्तकाने पोरांकडे जावं." आणि त्यांनी मला दाराबाहेर काढलं.

तेव्हापासून आम्ही दोघी वर्गावर्गांतून फिरायचो. बाई माझ्यावर मुद्दाम भयाण जगांच्या कादंबऱ्या लावायच्या. कुठे सगळी माणसं जमिनीखाली राहतायत, कुठे आरशांचं राज्य आहे, कुठे एका देवमाशाच्या पाठीवर गाव वसलंय आणि मासा आता बुडायला निघालाय.

"आज तुमच्यासाठी फक्त वाईट बातम्या आणल्यात," वर्गात शिरताच त्या म्हणायच्या. पोरं खुर्च्या पुढे सरकवायची. "या पुस्तकात समुद्र विकला गेलाय. थेंब न् थेंब. आणि एका मुलीने तो चोरायचं ठरवलंय."

"मिसेस के, चोरते का ती?"

"मला काय विचारतोस? मी काय तुझी नोकर आहे? वाच की!"

पोरं हसायची, आणि तास संपेपर्यंत माझे कप्पे निम्मे रिकामे झालेले असायचे. एकदा एका नव्या शिक्षिकेने बाईंना विचारलं, "इतक्या लहान मुलांना हे असलं काळंकुट्ट कशाला देता हो?" बाई म्हणाल्या, "अगं, बाराव्या वर्षी पोरांना कळलेलं असतं की जगात काहीतरी मोडलंय. मोठी माणसं ते कबूल करत नाहीत. ही पुस्तकं करतात."

मार्नी श्टाल सातवीत आली त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच उन्हाळ्यात तिचा थोरला भाऊ ट्रॉय नशेच्या गोळ्यांच्या नादात गेला होता. आमच्या गावाला असं मरण नवीन नव्हतं. लोक शेजारधर्म म्हणून भाजलेल्या बटाट्यांचा ट्रे पोचवायचे, आवाज खाली करून बोलायचे आणि आपापल्या घरी जायचे. मार्नीच्या घरात तर त्याचं नावच बंद झालं होतं. मुलगी वर्गात बाकावर डोकं टेकून बसायची. कुणाशी बोलायची नाही, कुणी बोललं तर उत्तर द्यायची नाही.

बाईंनी तिला कधी हाक मारली नाही. फक्त एके दिवशी मला नेहमीसारखं फळ्यापाशी न ठेवता तिच्या बाकाला चिकटवून उभं केलं, आणि एक राखाडी मुखपृष्ठाचं पुस्तक उचलून सगळ्या वर्गाला सांगायला लागल्या.

"या गावात मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बंदी आहे. घेतलं की जीभ काळी पडते आणि शिपाई येतात. इथली एक बहीण आहे. भावाचं नाव तोंडात धरून ती गाव ओलांडायला निघालीय. वाटेत कुणी काही विचारलं तरी तिला तोंड उघडता येत नाही."

वर्गात कुणी हसलं नाही. मार्नीने डोकं उचललं. बाईंनी पुस्तक माझ्या वरच्या कप्प्यात परत ठेवलं आणि दुसऱ्याच पुस्तकातल्या एका ड्रॅगनाबद्दल बोलायला सुरुवात केली. तास संपला तेव्हा ते राखाडी पुस्तक माझ्यावर नव्हतं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे शाळेला सुट्टी असते. ती संपल्यावर मार्नी ग्रंथालयात आली. बाहेर बर्फ पडत होता, टोपीवरचा बर्फही तिने झटकला नव्हता.

"शेवटी ती नाव घेते का, तेवढंच सांगा."

"अजून वाचलं नाहीस?"

"शेवटची पानं राहिलीत. वाचवत नाहीये."

"मग इथे बसून वाच. मी आहे."

ती जमिनीवर बसली, माझ्या चाकाला पाठ टेकून. वाचताना तिची पाठ थरथरत होती, आणि तिच्यासोबत मीही हलत होते. तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "माझ्या भावाचं नाव ट्रॉय होतं."

"माहितीये मला," बाई म्हणाल्या. "इथेच बसायचा. ड्रॅगनांची पुस्तकं घेऊन जायचा लबाड, आणि परत आणायचं नावच नाही!"

मार्नी हसली. खरंच हसली, नाकातून आवाज येईपर्यंत. माझ्या अंगावरून हजारो पुस्तकं गेली असतील, पण त्या हसण्याइतकं मोलाचं काही मी वाहिलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मार्नीने घरी ते नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी तिची आई, शेरिल, शाळेत आली. किराणा दुकानातला कामाचा ॲप्रन अजून अंगावर, हातात ते पुस्तक.

"हे तुम्ही दिलंत?"

"तिने घेतलं. पण हो, ती घेईल अशा जागी मी ठेवलं."

"माझा मुलगा न्हाणीघरात मेला, मिसेस कोवालचिक. दार मी फोडलं. आणि तुम्ही माझ्या मुलीला मेलेल्या पोराची गोष्ट देता?"

"शेरिल, तिला बोलायचं होतं..."

"ती बारा वर्षांची आहे! तिला रात्रीच्या जेवणात आइस्क्रीम पण हवं असतं. मी देते का?" तिने पुस्तक बाईंसमोर धरलं. "काल तिने टेबलावर त्याचं नाव घेतलं आणि माझा नवरा ताटावरून उठून गेला. कसंबसं सावरलं होतं हो मी ते घर."

बाई तिच्याजवळ गेल्या. पण शेरिलने पुस्तक माझ्यावर आदळलं आणि ती निघून गेली.

तिने त्या रागात इंटरनेटवर चार ओळी लिहिल्या. तिथून ते प्रकरण तिच्या हातात राहिलं नाही. ज्यांची मुलं आमच्या शाळेतच नव्हती अशी माणसंही शाळा मंडळाच्या सभेला येऊन ओरडली म्हणे. शेरिल उठून म्हणाली, "मी फक्त एका पुस्तकाबद्दल बोलले होते," तेव्हा तिला खाली बसवलं. हे सगळं मला मुख्याध्यापक हेन्शॉ आणि बाई यांच्या बोलण्यातून कळलं.

"लोरेन, मुलांना निराश करणारं सगळं काढायचं ठरलंय," हेन्शॉ म्हणाले. ते बाईंकडे बघत नव्हते.

"ड्रॅगन पण? ड्रॅगन कुणाला निराश करतात?"

"त्यात जादू येते म्हणतात. माझ्याशी वाद घालू नकोस, प्लीज. मलाही इथे टिकायचंय."

बाईंनी स्वतःच्या हाताने माझ्यावर पुस्तकं रचली. समुद्र चोरणारी मुलगी, देवमाशावरचं गाव, आरशांचं राज्य. ज्या रस्त्याने आम्ही वर्गात जायचो त्याच रस्त्याने मागच्या दाराकडे निघालो, जिथे कागदाच्या लगद्याला जाणारी मोठी पेटी ठेवली होती. मधली सुट्टी चालू होती. मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. मार्नी पुढे आली.

"माझ्यामुळे झालं ना हे?"

"नाही गं राणी. वाचल्यामुळे कुणाचं वाईट होत नाही."

"मी नाव घेतलं म्हणून झालं," मार्नी म्हणाली, आणि तिने ओठ असे मिटले की मला त्यांचा पांढरा रंग दिसला. बाई काही बोलणार तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली.

उन्हाळ्यात बाईंची जागाच रद्द झाली. एका दुपारी त्या आपला कप आणि खिडकीतलं रोप घेऊन गेल्या. ग्रंथालयाच्या फळ्या निघाल्या आणि तिथे मुलांच्या टॅब्लेटना चार्ज करायची खोली झाली. माझ्या कप्प्यांत पुस्तकांऐवजी काळ्या वायरी आल्या. मार्नी आठवीत गेली. दारावरून जायची, पण आत पाहायची नाही. डोकं पुन्हा बाकावर टेकलं, असं शिक्षक आपसात बोलायचे.

झाडांची पानं लाल व्हायला लागली तेव्हा शेरिल पुन्हा आली. या वेळी हळूच आली, दारात थबकली. शाळेची कारकून पॅटी वायरी सोडवत होती.

"ग्रंथालय कुठे हलवलं?"

"हलवलं नाही गं. संपलं. काय हवं होतं?"

शेरिल माझ्याजवळ आली. "मार्नी काही बोलतच नाही. आधी भांडायची तरी. ते राखाडी पुस्तक मी विकत आणून तिच्या उशाशी ठेवलं. तिने हातही लावला नाही. म्हणाली, ते वाचून झालं. मग मी दुकानात गेले. इतकी पुस्तकं, पॅटी! त्यातलं पुढे तिला कुठलं द्यायचं, मला काय कळतंय? मी आयुष्यात काही वाचलेलं नाही. कुणीतरी सांगायला हवं ना."

"लोरेन गावातच आहे. जाऊन विचार."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

पॅटीने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाली, "तसंही, ती हल्ली कुणालाच दार उघडत नाही."

शेरिलने माझ्या रिकाम्या वरच्या कप्प्यावरून हात फिरवला, जसा कुणी अंधारात दिव्याचं बटण चाचपतं. पुढे ती बाईंच्या दारापर्यंत गेली की नाही, मला माहीत नाही. मार्नी आजही गप्पच आहे, एवढं दिसतं.

माझं एक चाक आता निखळलंय. वायरींसाठी लोखंडी कपाट येणार आहे, म्हणून मला मागच्या दारापाशी आणून ठेवलंय. उद्या-परवा भंगाराची गाडी येईल.

जाण्याआधी तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात, शेजारी एखादं पोर असं डोकं टेकून बसलेलं असेल, तर त्याच्याजवळ एखादं पुस्तक ठेवा आणि बाजूला व्हा. कुठलं ठेवायचं, ते मला विचारू नका. मी नुसती वाहायचे. निवडायच्या बाई, आणि त्यांचं दार बंद आहे.