काका, थोडी घाण द्या

"सगळं एकदम चकाचक करू नकोस गं. थोडं ओंगळ राहू दे त्या टाकीत," विश्रामकाका दारातून म्हणालेले, आणि मी चक्क हसलेले.

समोरच्या ब्लॉकमधले विश्रामकाका ठाण्याच्या कोर्टातून रिटायर झालेत, आणि प्रत्येक गोष्टीत सूचना द्यायची त्यांना सवयच आहे. त्यात दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीचा, उर्वीचा वाढदिवस, ठाण्याहून आत्येसासूबाई येणार, आणि आमच्या सासूबाई सकाळपासून माशांच्या टाकीवर बोट फिरवून ते बोट मला दाखवत होत्या. म्हणे ओंगळ राहू दे!

टाकी मुळात काकांच्या घरातली. शुभदाकाकूंनी हौसेनं मासे पाळलेले. काकू गेल्या, काकांना एवढी मोठी टाकी झेपेना, म्हणून ती आमच्या हॉलमध्ये आली. त्यांच्याकडे एक छोटी टाकी आणि काकूंचा म्हातारा गोल्डफिश तेवढा राहिला. रोज संध्याकाळी काका माशांच्या खाण्याचा डबा घेऊन यायचे. उर्वी स्टुलावर चढून त्यांच्या तळहातावरून एकेक दाणा उचलून पाण्यात टाकायची. मग चहा, मग काकांच्या सूचना.

तर मी टाकी उपसली. मासे बादलीत काढले. खडे भांड्यांच्या साबणानं घासून चार पाण्यांतून काढले. फिल्टरमधला काळपट, बुळबुळीत स्पंज तर मी उकळला. उर्वीच्या दुधाच्या बाटल्या ज्या पातेल्यात उकळायचे, त्याच पातेल्यात. मग नळाचं नवंकोरं पाणी भरलं. वाढदिवसाला टाकी अशी काही दिसत होती की आत्येसासूबाईंनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

त्यानंतर मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. आधी काळी मोली गेली. मग एंजल. आठवडा संपायच्या आत टाकीत नुसता पंप घुरघुरत राहिला.

शेवटचा मासा मी कुंडीत पुरून आले, तेव्हा सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "मेलेल्या बाईची टाकी घरात आणलीत, दुसरं काय होणार? माशांवर निभावलं म्हणा. आता काढा ती."

आमचं लाकडी दार उघडंच असतं, फक्त जाळीचं लावलेलं. जाळीपलीकडे काका उभे होते. हातात डबा. त्यांनी तो हळूच आमच्या चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि मागं फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पेपर दुपारपर्यंत कडीत अडकलेला. दुधाची पिशवीही तशीच लोंबत होती. तिसऱ्या दिवशीही तेच.

"झोपले असतील गं," माझा नवरा विनीत म्हणाला. "तू ना, फार विचार करतेस."

करते. आई झाल्यापासून जास्तच करते, आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून समोरचं दारही बघते. कोणीतरी बघायला नको?

मी बेल वाजवली. दार उघडलं नाही, आतून फक्त आवाज आला. "मी बरा आहे. शिवानी, ती टाकी भंगारात दे. लहान मुलीचं घर आहे तुमचं."

लहान मुलीचं घर! म्हणजे ऐकलेलं सगळं काकांनी खरं मानलेलं. आपल्याच घरातून काहीतरी वाईट आमच्याकडे आलं, असं धरून बसलेले. तिथंच माझं डोकं सटकलं. भंगारात? मी मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. आहे. माशांची घाण पचवणारे जंतू त्या बुळबुळीत स्पंजात राहत होते, आणि मी त्यांना उकळून मारलं. मग मासे स्वतःच्याच घाणीनं गेले. यात मेलेली बाई कुठून आली?

मी त्याच दिवशी टाकी पुन्हा मांडायला घेतली. साबणाशिवाय धुतली, पाणी क्लोरीन उडून जायला दिवसभर बादल्यांत उघडं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी भरलं. पंप चालू, दिवा चालू, मासा एकही नाही.

"सूनबाईंनी पाणी पाळलंय," सासूबाई फोनवर आत्याबाईंना सांगत होत्या. "नाव काय ठेवतेय विचारते हं."

"शिवानी, अगं घरात वाद कशाला? विकून टाकू ना," विनीत.

"टाकी इथंच राहणार," मी म्हटलं आणि वाटी घेऊन समोर गेले. या वेळी दार ठोकतच राहिले. शेवटी कडी सरकली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मागं टेबलावर बिस्किटांचा अर्धा पुडा आणि न फोडलेली गोळ्यांची पट्टी.

"काका, थोडी घाण द्या."

"काय?"

"काकूंच्या गोल्डफिशच्या फिल्टरमधला स्पंज. तो पिळायचाय माझ्या टाकीत."

"माझ्या घरातलं काही नेऊ नकोस गं."

"मासे मी मारलेत, काका. त्यांचं खापर शुभदाकाकूंवर फोडू नका. स्पंज उकळला मी."

"उकळलास?"

"उर्वीच्या बाटल्यांच्या पातेल्यात."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "अगं, मासे पाळायचे होते की सूप करायचं होतं?"

आधी त्यांना वरणभात खायला घातला, गोळी घ्यायला लावली. मग स्पंज वाटीत घेऊन ते आमच्याकडे आले. जाळीच्या दाराशी थबकले. मी दार धरून उभी राहिले, ते आत येईपर्यंत. त्यांनी स्पंज पिळला. माझ्या स्वच्छ पाण्यात तपकिरी ढग पसरला.

"शी! हे काय ओतताय?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"याच्यावरच मासे जगतात, आई. आणि ही मेलेल्या बाईची टाकी नाही. शुभदाकाकूंची आहे. परत तसं बोलायचं नाही, उर्वीसमोर तर अजिबात नाही."

विनीत मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग काकांच्या वाढलेल्या दाढीकडे. स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून ओरडल्या, "चहात साखर तशीच घालू, की तीही उकळून घेऊ?"

मासे लगेच आणले नाहीत. आधी पाणी गढूळ झालं, मग आपोआप निवळलं. काका रोज येऊन रिकाम्या टाकीकडे बघायचे आणि सूचना द्यायचे. आता त्यात गप्पी मासे आहेत, टिकलेत. मेलेच तर पुन्हा भरीन, याच काचेत, याच जागी.

तुमच्याही समोर एखादं दार असेल. पेपर दुपारपर्यंत कडीत असेल, दूध लोंबत असेल, तर 'झोपले असतील' म्हणून जिना उतरू नका. आतून 'बरा आहे' आलं तरी परत फिरू नका. उघडेपर्यंत ठोका. काहीतरी मागा. विरजण मागा, वाटीभर साखर मागा, घाण मागा. हे वाचून झालंच आहे, तर आत्ताच बघून या.