मेणातला डोळा

“ताई, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही,” मी बाकावर टेकत म्हणालो. “माझ्या बायकोचाही बसला नाही. अर्थात तिचा माझ्यावर लग्नापासूनच बसलेला नाही.”

ताई हसल्या नाहीत. मांडीवर तीन वर्षांची लेक, लेकीच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि शेजारी बाकावर संमतीचा कागद. दोन दिवस झाले, सहीची जागा कोरीच होती. वरच्या कोपऱ्यात मात्र मुलीने एक गाढव काढलं होतं.

मामला असा होता. मुलीच्या डोळ्यात कर्करोगाची गाठ होती. मागच्या आठवड्यात तो डोळा काढावा लागला. रोग डोळ्याबाहेर गेलेला नाही ना, हे बघायला तो कापून तपासावाच लागतो. मीच कापला, आणि रोग बाहेर गेलेला नव्हता. आता मेणात बसवलेला उरलेला भाग संशोधनाला द्यायचा का, एवढाच प्रश्न. ताई शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी डॉक्टर मॅडमना तोंडावर सांगितलं होतं, “तपासलंत ना? मग आता पुरे. माझ्या पोरीचे आणखी काप करायचे नाहीत.”

मॅडमनी मला बोलावलं. “काचकाका, सहीचं नाव काढू नका. त्या विचारतील तेवढंच सांगा. आणि एकदा तरी खरं सांगा.”

काचकाका म्हणजे मी. डोळ्यांच्या इस्पितळात बत्तीस वर्षं मेणाच्या ठोकळ्यातून पातळ काप काढतो, काचेवर चढवतो, रंगवतो. डॉक्टर लोक सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि नाव त्यांचं होतं.

“किती पातळ कापता?” ताईंनी अखेर विचारलं. कात्री धरणाऱ्या बाईला राहवतं थोडंच!

“एक केस घ्या. त्याचे उभे वीस काप करा. त्यातला एक, एवढा. नुसता श्वास सोडला तरी उडतो. म्हणून मी बत्तीस वर्षांत कामावर शिंकलेलो नाही. सगळ्या शिंका सुट्टीच्या दिवशी सकाळी एकदम येतात. शेजारी आधीच खिडक्या लावून घेतात.”

“काहीतरीच!”

“हे तर काहीच नाही. कापाला काप चिकटून मेणाची रिबीन होते. एकदा हात असा काही लागला, की रिबीन टेबलावरून खिडकीत, खिडकीतून रस्त्यावर, आणि थेट चौकात. पोलिसाने शिट्टी मारली.”

“थांबली?” मुलीने विचारलं.

“थांबणार नाही? पोलीस तो!”

मुलगी खिदळली. ताईंनी तिचा फ्रॉक उगाच सारखा केला. “ते राहू द्या. एवढे काप करून बघता तरी काय?”

“पत्ता,” मी म्हणालो. “हे बघा. पेशींच्या अंगावर प्रथिनं असतात. दारावर पाटी असते ना, तशी. वाईट पेशींच्याच दारावर आहे आणि चांगल्यांच्या नाही, अशी एखादी पाटी सापडली, की औषधाला नेमका पत्ता देता येईल. सध्या काय होतं? चोर एक, आणि चोप अख्ख्या इमारतीला.”

ताईंचा हात लेकीच्या केसांवर गेला. वॉर्डात बाकीच्या मुलांची, औषधाने केस गेलेली डोकी त्यांनी पाहिली होती.

“मग सापडली पाटी?”

“सांगतो ना. दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे मोठे सर आले. जन्मभर यकृत तपासलेला माणूस, डोळ्यात नवखा. प्रथिन असेल तिथे तपकिरी उमटायचं, असा आमचा रंग. सरांनी पहिलीच काच बघितली आणि खुर्चीतून उडी मारली. तपकिरीच तपकिरी! सापडलं, सापडलं! सगळ्यांचे हात हातात घेतले. माणसं संपली तेव्हा खुंटीला टांगलेल्या कोटाची बाही हलवली.”

“आणि?”

“मी म्हटलं, सर, हा रंग मी दिलेला नाही, देवाने दिलाय. पडद्यामागे डोळ्याचा स्वतःचाच तपकिरी थर असतो. ही काच तर मी अजून रंगवलेलीच नाही.”

ताईंना हसू फुटलं. तोंडावर पदर धरून त्या कितीतरी वेळ हसल्या. त्या बाकावर कोणी इतकं हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

“बिचारे सर!”

“दोन दिवस भिंतीकडे तोंड करून जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, लाल रंग आणा. लाल लावला, आणि ताई...” इथे माझा आवाज आपोआप खाली येतो. हा भाग मी कधी वाढवून सांगत नाही. “प्रत्येक वाईट पेशीभोवती बारीक लाल कड. हाताने काज शिवावं तशी. शेजारच्या चांगल्या पेशी कोऱ्या.”

ताईंचं बोट मांडीवर गोल फिरलं, एक न दिसणारं काज शिवत. “किती मुलांच्यात दिसली?”

“अकरा गाठी होत्या. नऊंच्यात.”

“अकराच?”

“अकराच आयांनी कागदावर सही दिली होती.”

मुलगी माझ्या खिशातलं पेन ओढत होती. “आणि औषध?” ताईंनी हळूच विचारलं.

आता इथे गप्प बसायला हवं होतं. नाहीतर मॅडमनी सांगितलं तसं करायला हवं होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि माझ्या जिभेला हाड कधीच नव्हतं.

“निघालं की! थेंबांचं! एका मुलीच्या डोळ्यात तीन थेंब टाकले, गाठ साखरेसारखी विरघळली. आज ती मुलगी डोंगरावर उभी राहून खालच्या बसचा नंबर वाचते. बस यायच्या आधी!”

मुलगी खदखदून हसली. मीही हसलो. ताईंनी कागद उचलून गुडघ्यावर ठेवला आणि तळव्याने सपाट केला.

“खोटं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “ते औषध निघालं असतं, काका, तर गेल्या आठवड्यात माझ्या पोरीचा डोळा काढला असता का? अजून शोधताच आहात ना? मग शोधतोय म्हणून सांगा की. द्या ते पेन इकडे.”