बदकवाले हातमोजे

“अठरा पूर्ण झाली. आता ही पोर नाही, बाई आहे. समोरच्या इमारतीत न्या,” खिडकीतला कारकून म्हणाला आणि ठकीची फाइल त्यानं कपाटात कोंबली. “तिकडं नवीन उघडतील.”

“अहो, जन्मापासूनचं सगळं त्यात आहे,” सिस्टर म्हणाली.

“मग? साप कात टाकतो की नाही?” स्वतःच्याच विनोदावर तो खिदळला.

मुलांच्या वॉर्डातल्या या सिस्टरनंच तिचं नाव ठकी पाडलं होतं. उघडा कणा घेऊन जन्मलेली पोर. पाय लुळे, लघवीला नळी. बारावीला ब्याऐंशी टक्के पाडले, तरी ठकी ती ठकीच. डॉक्टरांनी तिला विचारायचं आणि आईनं सांगायचं, “आज आम्हाला बरंय.” सिस्टरलाही तेच सोयीचं. आईशी बोललं की काम झटपट उरकतं.

रबर ठकीला विष होतं. चार वर्षांची असताना साध्या हातमोज्यांनी तिचं अंग सुजलं, श्वास कोंडला. तेव्हा सिस्टरनं बिनरबरी मोज्यांचा खोका वेगळा काढून वर पिवळं बदक चिकटवलं. “हे तुझे बदकवाले हं!” चौदा वर्षं तोच शब्द. रबराचं नाव तिच्यापुढं कुणी काढलंच नाही. पोरीला कशाला घाबरवायचं, म्हणे!

सिस्टरनं चाकाची खुर्ची ढकलत तिला बायकांच्या वॉर्डात सोडलं. “आई सगळं सांगेल,” म्हणाली आणि ड्यूटीवर परतली. आईला दारातच अडवलं. नातेवाईक बाहेर.

आत काय झालं, ते नंतर तिथल्या आयाबाईनं सिस्टरला सांगितलं.

“कशाची अ‍ॅलर्जी?” तिथल्या नर्सनं विचारलं.

“आईला विचारा ना.”

“एवढी घोडी झालीस, तोंड नाही का तुला?”

“मला... बदकवाले हातमोजे लागतात.”

सगळा वॉर्ड हसला. पलीकडची म्हातारी पोट धरून हसली.

“बदकवाले? हत्तीवाले संपले वाटतं!”

“खरंच सांगते, साधे नका घालू. आई सांगेल, का ते.”

“लाड पुरे. इथं बाळं नाहीत.” नर्सनं रबरी मोजे चढवले आणि नळी बदलायला घेतली.

अर्ध्या तासात ठकी संपली. कागदावर लिहिलं : कारण अज्ञात. कारण समोरच्या इमारतीत खोक्यावर चिकटलेलं होतं.

आई रिकामी खुर्ची ढकलत मुलांच्या वॉर्डात आली. रडली नाही. म्हणाली, “सिस्टर, आम्ही गेलो हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीसारख्याच दुखण्याची पाच वर्षांची पोरगी नळी बदलायला आली. खोका दिसताच खुलली. “बदकवाले!”

सिस्टर नखानं बदक खरवडायला लागली.

“बदक नाही. रबर. म्हण, मला रबर चालत नाही.”

पोरीनं ओठ काढला. तिची आई पुढं झाली. “अहो सिस्टर, लहान आहे ती. मी आहे ना सांगायला.”

“तुम्ही बाहेर बसा.”

“अहो, पण...”

“बाहेर!”

दार लागलं. पोरगी हमसून हमसून रडायला लागली.

“रड. रडत म्हण.”

“म... मला लबल चालत नाही.”

खोक्यावर नुसती चोच उरली होती. सिस्टरनं चोचीखालीही नख घातलं.

“पुन्हा.”