चाकावरची खूण

भिवाजी लेथच्या इंजिनाच्या टाकीत पाणी ओतायला वर्कशॉपबाहेर गेला, तेवढ्यात मालक हैबतरावांनी लेथचं पितळी दातेरी चाक मांडीवर घेतलं आणि आसाच्या भोकाशेजारी खिळ्यानं ‘है’ कोरलं. घाईत मात्रा वाकड्या आल्या. बादली ठेवल्याचा आवाज आला तसं चाक फडक्यात गुंडाळून ते काही झालंच नाही असे बसून राहिले.

चाकाचे दोन दात उडाले होते आणि त्याच्याशिवाय लेथवर बोल्टचे आटे पाडता येत नव्हते. बदली चाक पुण्यातही मिळेना. तेव्हा भिवाजी म्हणाला होता, मी ओतून देतो. उडालेल्या जागी मेणाचे दात बसवायचे, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यात दोन डब्यांतलं रेझीन कालवून ओतायचं. हैबतराव त्या रेझीनला डिंक म्हणत. डिंकाच्या चाकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि भिवाजीवर त्याहून कमी. पुण्याच्या कारखान्यातून त्याला पितळ चोरीला गेलं म्हणून काढलं, असं पौडात बोलत. खरंखोटं कुणी त्याला विचारलं नव्हतं.

“हितं थंडीत ते धरत न्हाई, मालक,” भिवाजी म्हणाला. “चुलीची ऊब लागतीया. चाक घरी न्यावं लागंल.”

“किती दिस?”

“परवा आणतो.”

तो चाक घेऊन कोळवणच्या वाटेला लागला आणि हैबतराव थेट बाजारात भंगार घेणाऱ्या मोडवाल्याकडे गेले.

“‘है’ कोरलेलं पितळी चाक कुणी इकायला आणलं, तर मला सांगायचं.”

“कुणी म्हंजे, भिवाजी का?”

हैबतराव नुसते वळून चालू लागले. मोडवाल्याला तेवढं पुरलं.

परवा गेला, तेरवाही गेला. चौथ्या दिवशी खेचरे गावचा काळू पंपाचा बोल्ट घेऊन आला आणि तसाच परत गेला. हैबतराव दारात उभे राहून येणारी प्रत्येक एस.टी. बघत होते. काम अडलं होतं, तरी आतून त्यांना जरा बरंच वाटत होतं. आपला अंदाज बरोबर निघाला, याचं बरं.

पाचव्या दिवशी सकाळी भिवाजी आला. त्यानं पिशवीतून पितळी चाक काढून बाकावर ठेवलं. हैबतरावांनी ते उचलून अंगठ्यानं भोकाशेजारी चाचपलं. खूण होती.

भिवाजीनं ओतलेलं चाक लेथवर चढवलं आणि इंजिन सुरू केलं. मातकट पिवळं चाक पितळेपेक्षा मऊ आवाजात फिरू लागलं. दांड्यावर एकसारखे आटे पडत गेले.

“झ्याक झालंय,” हैबतराव म्हणाले. पण राहवेना. “दोन दिसाचं पाच का लागलं?”

भिवाजीनं इंजिन बंद केलं.

“रेझीनमधी पितळेचा कीस घालावा लागतोय, दात टिकाया. हितला मोडवाला देईना. म्हणला, आधी ‘है’चं चाक दाव. मग पुण्याला जाऊन आणला.”

चाक मंदावत थांबलं. त्याच्या भोकाशेजारी ‘है’ होतं, त्याच वाकड्या मात्रांचं. हैबतरावांचे कान तापले.

“साच्यात समदं उतरतंय,” भिवाजी म्हणाला. “मेणानं बुजवता आलं असतं.”

“मग बुजवलं का न्हाईस?”

“तुमची खूण हाय. मी कशाला हात लावू?”

हैबतरावांनी कानस उचलली.

“घासू नका मालक. भोकापाशी पातळ झालं, तर तडकंल.”

त्यांनी कानस खाली ठेवली. दारात काळू बोल्ट घेऊन पुन्हा आला होता. तो लेथकडे बघत आत आला.

“घावलं व्हय चाक? बाजारात तर समदी म्हणत हुती, भिवाजीनं...” भिवाजी दिसला तसा त्यानं बोल्ट पुढं केला.

भिवाजीनं त्याच्या हातातला बोल्ट घेतला, निरखून बघितला आणि इंजिन सुरू केलं.

“चाक कुटं गेलंच न्हवतं,” हैबतराव म्हणाले.

“काय म्हणला?” काळूनं कानामागं हात धरला.

हैबतरावांनी एकदा भिवाजीच्या पाठीकडे बघितलं. मग तेच त्यांना मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगावं लागलं.