तीन खुंट्यांची डावी पकड

मी एक जुनी, थकलेली पकड आहे, मित्रांनो. बर्फावरून घसरत जायच्या लांब फळीला, म्हणजे स्कीला, बूट धरून ठेवणारी. अंगात तीन बारीक खुंट्या आणि वरून दाबायला एक तार, एवढाच माझा पसारा. मी डाव्या पायाची, माझी बहीण उजव्या पायाची.

माझे मालक हालवर दर ईस्टरला आम्हाला घेऊन हार्दांगरच्या बर्फाळ पठारावरच्या झोपडीवर जायचे. "हिच्यासारखी पकड होणे नाही!" असं चारचौघांत सांगायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे त्यांच्या लेकीनं, सिनोवेनं, स्वतःसाठी नव्या पकडी आणल्या. पाय ठेवला की खट्! डावं-उजवं नाही, वाकायला नको. माझं तसं नाही. कंबर मोडून वाका, बुटाच्या तळव्याचा बर्फ खरवडा, त्यातली भोकं माझ्या खुंट्यांवर जुळवा. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. नवीच्या तोंडात मात्र बर्फ गोठायचा आणि सिनोवे सुरीनं कोरत बसायची.

"काय गं, झाले का तिचे दात कोरून?" हालवर चिडवायचे.

"हसा, हसा! तुम्ही वाकून उठेपर्यंत माझं दोनदा होईल."

यंदा दोघं वाऱ्याच्या आडोशाला संत्री खात बसले होते आणि अचानक धुकं उतरलं. घाईत हालवरांनी स्की उलट्या पायांत घातल्या. हल्ली वाकल्यावर त्यांना धड दिसत नाही. भोकं जुळेनात, तर काठीनं तार दाबली. माझ्या खुंट्यांनी बुटाचा जुनाट तळवा फाडला. पहिल्याच उतारावर बूट सुटला आणि हालवर कोसळले. झोपडी लांब, पायी जावं तर कमरेइतका बर्फ. मी घाबरून गेले.

सिनोवेनं पाठपिशवीचा पट्टा कापून बूट माझ्याशी आवळला. रखडत रखडत कसेबसे पोहोचलो.

"बाबा, बास झालं आता."

"अगं, पकड ठणठणीत आहे!"

"पकड आहे हो. तिच्यापुढे तुमच्यानं वाकवत नाही, त्याचं काय? पुढच्या ईस्टरला यायचंय ना?"

 घरी आल्यावर हालवरांनी स्वतःच स्क्रू फिरवून मला स्कीवरून उतरवलं. "दमलीस गं," एवढंच म्हणाले. खरंच दमले होते मी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण जपणं म्हणजे मोडेपर्यंत राबवणं नव्हे. हालवर आता माझ्याशिवाय, नव्या पकडी घेऊन पठारावर जाणार, याचं वाईट वाटतं. पण ते जाणार आहेत.