ओलांडून गेलेली मुलगी

साल दोन हजार चौदा. किर्गिझस्तानात नारिन शहराजवळच्या आमच्या गावात बटाटे काढणीचे दिवस होते. साइरागुल अंगणात बटाटे निवडत होती, तोच पोलिसांची गाडी दाराशी थांबली. आपल्याला लग्नासाठी पळवून आणल्याची तक्रार आयचुरोक नावाच्या मुलीने दिली होती. आरोपींत साइरागुलचा मुलगा एर्मेक पहिला, ती स्वतः दुसरी. एर्मेकला ते लगेच घेऊन गेले. तिला दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं.

तीन दिवसांपूर्वी एर्मेकने त्या मुलीला बाजारातून गाडीत कोंबून आणलं होतं. साइरागुलने तिच्या डोक्यावर सुनेचा पांढरा रुमाल बांधला. मुलीने तो चारदा फेकला. ती दाराकडे धावली, तशी साइरागुल उंबरठ्यावर आडवी झाली. म्हातारीला ओलांडणारीचं कधी भलं होत नाही, असं सगळेच मानतात. मुलगी थबकली, रडली आणि ओलांडून गेली.

संध्याकाळी दीर तोक्तोसुन आला. चहा ओतून घेत म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. मेंढरू घेऊन तिच्या बापाकडे जाऊ, माफी मागू. तुम्ही साहेबाला एवढंच सांगा, पोरगी आपल्या पायांनी आली."

"मग पळाली कशाला?"

"पोरींच्या लहरी. तुम्ही नाही का आठ दिवस रडलात? नवव्या दिवशी सोळा माणसांचं रांधत होतात."

"माझी सासूही अशीच आडवी पडली होती, भावोजी. मला ओलांडायचा धीर झाला नाही. ते काय असतं हे ठाऊक असून मी आडवी झाले."

"पोटच्या पोराला तुरुंगात धाडता? आई आहात की वैरीण?"

"खोटं बोलून सोडवला, तर तो दुसरी उचलून आणेल. आणि मी पुन्हा दारात पडेन."

दुसऱ्या दिवशी फौजदाराने, मुलगी आपल्या पायांनी आली, असं लिहून तयार ठेवलेला कागद पुढे सरकवला. "सही करा आजी, आणि जा घरी."

"हे तुमचं झालं. आता माझं लिहा. ती नको म्हणत होती, ते मी ऐकलं. रुमाल मी बांधला. दार मी अडवलं."

"हे तुमच्यावरही शेकेल."

"शेकू दे. केलंय मी."

एर्मेकला पाच वर्षांची शिक्षा झाली. पहिलं वर्षभर तो आईला भेटला नाही. साइरागुलची शिक्षा वयामुळे स्थगित राहिली. तोक्तोसुनने तिच्या घरचा चहा कायमचा सोडला. आयचुरोक बिश्केकला नर्स झाली. साइरागुलने माफीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. "तिने का द्यावं?" एवढंच ती म्हणे.

गावात त्यानंतरही मुली पळवून आणल्या गेल्या. गाड्या पुरुषांनी चालवल्या. पण मुलीला घरात अडवून धरायला म्हाताऱ्या बायका लागल्या, आणि दर वेळी त्या मिळाल्या.