पाहुण्यांची गोळी

शनिवारचा नाश्ता आटोपला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांच्या त्या निवासात औषधतज्ज्ञ बाई बावीस जणांचे औषधांचे तक्ते घेऊन बसल्या होत्या. बाहेर कंडक्टरबाईंची फेरी सुरू होती. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेल्या या आजी पोटच्या पोराचं नावही विसरल्या होत्या, पण कामाचा खाक्या तोच. "दारात गर्दी करू नका, पुढे सरका!" म्हणत त्यांनी एकदा खुद्द डॉक्टरांना भिंतीपर्यंत सरकवलं होतं.

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. समोर कंडक्टरबाईंचाच तक्ता होता. गुंगी आणणारी गोळी, 'गरज पडल्यास'. आणि गरज पडली होती ती दर रविवारी, सकाळी नऊला.

"सिस्टर, आजार काय कॅलेंडर बघून येतो का हो?"

सिस्टरने मान वर केली नाही. "ती पाहुण्यांची गोळी, मॅडम. दहाला घरची माणसं येतात. आई ओरडली, बापाने ओळखलं नाही, की रडारड आणि मग तक्रारी. झोपलेलं माणूस बघितलं की समाधानाने जातात. आम्ही दोघी, माणसं बावीस. तुम्हीच सांगा काय करायचं."

बाईंनी उरलेले तक्ते भराभर उलटले. सगळीकडे तेच. रविवारी गोळी, सोमवारी कोणी पडलेलं, कोणाला घास गिळता न आलेला. गुंगीच्या गोळीने हात थरथरत, म्हणून थरथरीवर दुसरी गोळी. त्या दुसरीने डोक्यातला गोंधळ वाढे, म्हणून पहिलीचा डोस वाढे. गेल्या महिन्यात निवासातले मास्तर गेले, तेही सोमवारीच. अर्धवट गुंगीत भरवलेला घास श्वासनलिकेत गेला होता. त्यांच्या तक्त्याखाली तपासणीची सही बाईंची होती. गोळ्यांचा हिशेब त्यांनी चोख जुळवला होता. दिवस कोणता, ते बघितलंच नव्हतं. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी डॉक्टरांना गाठलं. "बंद करा," डॉक्टर म्हणाले, "पण नातेवाइकांच्या तोंडी तुम्हीच लागा."

रविवारी दहाला कंडक्टरबाईंचा मुलगा आला. आई टक्क जागी होती. तिने त्याची बाही धरली.

"तिकीट?"

"आई, मी आहे गं."

"सगळे असंच म्हणतात. फुकटे मेले!"

शेजारच्या खाटेपाशी आलेले पाहुणे हसले. मुलगा लालबुंद होऊन औषधांच्या खोलीत घुसला. "तिला औषध का नाही दिलं? मला हे बघवत नाही!"

"साहेब, बघवत नाही हे दुखणं तुमचं. गोळी मात्र त्या गिळतात." बाईंनी तक्ता त्याच्यापुढे धरला. "मागच्या सोमवारी त्यांना पेज गिळता आली नाही. एक माणूस माझ्या सहीने गेलंय. आता ही सही मी करणार नाही."

त्याने तक्त्यावरून नजर फिरवली. बाईंना वाटलं, पटलं. मग तो थंडपणे म्हणाला, "शांत ठेवणाऱ्या जागा गावात चिक्कार आहेत."

गुरुवारी त्याने आईला हलवलं. तिच्या तक्त्यावर बाईंनी लाल अक्षरात लिहिलं होतं, 'गुंगीची गोळी देऊ नये'. मुलाने तो कागद दुमडून खिशात घातला. गाडीत बसताना आजी ड्रायव्हरवर खेकसत होत्या, आणि बाई फाटकाशी नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी न राहवून त्यांनी त्या नव्या जागी फोन लावला.

"त्या आजी ना? एकदम शांत आहेत हो," पलीकडची मुलगी कौतुकाने म्हणाली. "काल मुलगा येऊन गेला, खूश होता. तेव्हापासून उठल्याच नाहीत. आता उठवून पेज भरवायला घेतलीय, पण गिळत नाहीत."

"थांबा!" बाई ओरडल्या. "तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, श्वास बघा आणि आधी ॲम्ब्युलन्स बोलवा. मी निघाले!"

त्या धावत सुटल्या. पोचेपर्यंत काय झालं असेल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि रविवारी शांत झोपलेलं माणूस बघून सुखाने घरी परतणाऱ्या आपण सगळ्यांनी एकदा न कळवता सोमवारी जाऊन यावं.